चाळिशीनंतर विद्यापीठाचा छोटा कोर्स : फौंड्रीतल्या माणसाला जमेल का?

शिरोली_मेल्टिंग :

मंडळी, नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मेल्टिंगला आहे. आयटीआयचा मोल्डर (साचे करायचा) ट्रेड केला, बारावी नाही. वय ४३. सुरुवात हातमोल्डिंगवर झाली, मग इंडक्शन भट्टीवर आलो, आता एक शिफ्ट माझ्याकडे असते.

कामाची अडचण नाही. लेडलमधून, म्हणजे वितळलेल्या लोखंडाच्या भांड्यातून, वेज (चाचणीसाठीचा पाचरीच्या आकाराचा तुकडा) ओतली, गार करून हातोड्यानं मोडली आणि टोकाची पांढरी किनार किती वर चढलीय ते बघितलं, की लोखंड कसं उतरलंय ते मला कळतं. स्पेक्ट्रोचा (लोखंडात काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट येईपर्यंत माझा अंदाज तयार असतो आणि बहुतेक वेळा जुळतो. पण नवीन आलेल्या इंजिनिअर पोरानं परवा विचारलं, "मामा, ती किनार टोकालाच का पांढरी होते? जाड बुडाला का नाही?" मला सांगता आलं नाही. एवढी वर्षं रोज बघतोय, आणि कारण ठाऊक नाही. ते डोक्यातून जाईना.

मुलगी कॉलेजला आहे. ती म्हणाली, आता आयआयटीचे, विद्यापीठाचे छोटे कोर्स कुणालाही करता येतात, वयाची अट नाही, घरी बसून शिकायचं. मला डिग्री नको. आपण जे करतो त्याच्या मागचं शास्त्र नीट शिकावं एवढंच मनात आहे. पगार वाढला तर आनंदच, पण त्यासाठी विचारत नाही.

शंका अशा. बारावी नसलेल्याला घेतात का? सगळं इंग्रजीत असतं म्हणे, तर निभाव लागेल का? फिरती शिफ्ट असते, सुट्टी सोमवारची, तर वेळ कसा बसवायचा? आणि खर्च किती? कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. मुलीनं मोबाईलवर लिंक उघडून दिल्या, पण कोर्स इतके आहेत की कुठला धरावा कळत नाही.

विद्यानगरचा_मास्तर :

दादा, प्रश्न फार चांगला विचारलात. मी शिकवण्याच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे नियमांचं आधी सांगतो.

केंद्र सरकारचं 'स्वयम' हे पोर्टल २०१७ पासून आहे. त्यावरचे तांत्रिक विषय 'एनपीटीईएल' बघतं. आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीनं मिळून उभं केलेलं हे काम आहे. कोर्स ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे. नाव नोंदवायला पैसे नाहीत, वयाची अट नाही, बारावीचा दाखला कुणी मागत नाही. जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा सत्रं सुरू होतात. दर आठवड्याला व्हिडिओ आणि एक असाइनमेंट. परीक्षा द्यायची की नाही हे तुमच्यावर. द्यायची असेल तर वेगळी फी भरावी लागते, एका विषयाला साधारण १००० रुपये. ती केंद्रावर जाऊन संगणकावर द्यावी लागते, घरून नाही. शेवटच्या निकालात असाइनमेंटचे २५ टक्के आणि परीक्षेचे ७५ टक्के धरतात. असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० पडले तर प्रमाणपत्र.

१२ आठवड्यांच्या कोर्सला साधारण ३ क्रेडिट धरतात. उद्या तुम्ही कुठे प्रवेश घेतलाच, तर ही क्रेडिट उपयोगी पडू शकतात. अर्थात घ्यायची की नाही हे ती संस्था ठरवते.

आपल्या शिवाजी विद्यापीठातही आजीवन अध्ययन व विस्तार विभाग आहे, दूरशिक्षण केंद्र आहे. विस्तार शिक्षण म्हणजे विद्यापीठानं आपल्या भिंतींबाहेरच्या माणसाला शिकवणं, त्यालाच आपल्याकडे बहिःशाल म्हणत आलेत. चौकशीला एकदा समक्ष जाऊन या, संकेतस्थळावर सगळं वेळेवर चढतंच असं नाही. पण तुमचा विषय ओतकामाचा असेल तर एनपीटीईएल जास्त जवळचं.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हे कारखान्यातल्या माणसांचं नाही असं वाटत असेल तर मनातून काढून टाका. केंब्रिजनं १८७३ मध्ये विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठी रीतसर वर्ग सुरू केले. त्यामागे जेम्स स्टुअर्ट नावाचे प्राध्यापक होते. त्याच्या काही वर्षं आधीच ते क्रू या गावी रेल्वे कारखान्यातल्या कामगारांसमोर व्याख्यानं देत होते. व्याख्यानानंतर प्रश्न लिहून द्यायचे आणि उत्तरं लेखी मागवायची, ही पद्धतही त्यांचीच. आजची साप्ताहिक असाइनमेंट म्हणजे त्याचंच पुढचं रूप. म्हणजे पहिल्यापासून या वर्गांना बसणाऱ्यांत तुमच्यासारखी माणसं आहेत.

सँडलॅब_ताई :

दादा, मी गोकुळ शिरगावला एका फौंड्रीत सँड लॅबमध्ये, म्हणजे साच्याची वाळू तपासतात तिथे, काम करते. तुमचा प्रश्न वाचला आणि जेवण झाल्या झाल्या लिहायला बसले. रोज वाळूतला ओलावा, परमिएबिलिटी (वाळूतून वाफ-वायू किती निघून जातो ते), स्ट्रेंग्थ काढून रजिस्टरला लिहिणं हे माझं काम. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष करून लग्नानंतर शिक्षण सुटलं होतं. मुलं मोठी झाल्यावर मी ओतकामावरचा आणि नंतर दर्जा नियंत्रणातल्या संख्याशास्त्रावरचा असे कोर्स केले, परीक्षेसकट. त्यामुळे ऐकीव सांगत नाही.

सगळे तुम्हाला इंग्रजीची भीती घालतील. मी सांगते, इंग्रजी अडवत नाही. आपल्या कामाचे निम्मे शब्द इंग्रजीच आहेत. रायझर, रनर, गेट, कोअर, चिल, ब्लोहोल, श्रिंकेज, हे तुम्ही दिवसातून शंभरदा बोलता. प्रोफेसर तेच शब्द बोलतात. शिवाय एनपीटीईएलच्या बऱ्याच कोर्सना लिहिलेला पाठ मिळतो, काहींना मराठीतूनही. व्हिडिओ थांबवून परत बघता येतो. अडवतं ते गणित. वर्ग, घन, गुणोत्तर, आलेख वाचणं, समीकरणात किंमत घालून उत्तर काढणं. हे हाताखालून गेलेलं नसेल तर तिसऱ्या आठवड्यात माणूस कोर्स सोडतो आणि म्हणतो, इंग्रजी जमलं नाही. मी माझ्या आसपास हेच बघितलंय.

म्हणून कोर्सला नाव घालायच्या आधी बालभारतीची नववी-दहावीची गणित आणि विज्ञानाची पुस्तकं काढा. मराठी माध्यमाची, पीडीएफ फुकट मिळते. सगळं करायची गरज नाही. गणितातलं गुणोत्तर-प्रमाण, आलेख, पृष्ठफळ आणि घनफळ. विज्ञानातलं उष्णता आणि धातूंचा धडा. मुलीला शेजारी बसवा. कॉलेजच्या पोरीला बापाला शिकवायला मिळणं यात तिचाही अभ्यास पक्का होतो.

आता तुमच्या वेजकडे येते, कारण हे शिकून नेमकं काय हाती लागतं ते त्यातच दिसेल.

ओतकामात एक नियम आहे, च्वोरिनोव्हचा. कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, घट्ट व्हायला लागणारा वेळ हा त्याच्या घनफळाला पृष्ठफळानं भागून जे येतं त्याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. त्या भागाकाराला मॉड्युलस म्हणतात. कागद घ्या. १० सेंमी बाजूचा ठोकळा धरा. घनफळ १०००, पृष्ठफळ ६००. भागाकार १.६७. आता तेवढ्याच लोखंडाची २५ बाय २० बाय २ सेंमीची प्लेट धरा. घनफळ तेच, १०००. पृष्ठफळ मात्र ११८०. भागाकार ०.८५. मॉड्युलस जवळपास निम्मं झालं, आणि वेळ वर्गाच्या हिशेबानं जातो, म्हणजे साधारण चौथाई. वजन सारखं, वाळू सारखी, ओतायचं तापमान सारखं, आणि ठोकळा घट्ट व्हायला प्लेटच्या जवळजवळ चौपट वेळ घेतो. रायझर, म्हणजे कास्टिंगला जोडलेला राखीव लोखंडाचा साठा, जाड आणि बुटका का ठेवतात, लांब-बारीक का नाही, ते इथे कळतं. कास्टिंगच्या आधी रायझरच घट्ट झाला तर कास्टिंगला लोखंड पुरवणार कोण? मग श्रिंकेज, म्हणजे लोखंड आकसून आत पोकळी.

आता वेजचं टोक बघा. टोकाला लोखंड थोडं आणि वाळूला लागलेली बाजू जास्त. म्हणजे मॉड्युलस सगळ्यात कमी, म्हणजे सगळ्यात आधी थंड होणारी जागा. पटकन थंड झालेल्या लोखंडात कार्बनला ग्राफाइट होऊन बाहेर पडायला सवड मिळत नाही, तो लोखंडाशी जोडलेलाच राहतो. त्याला सिमेंटाइट म्हणतात. ते कडक, ठिसूळ आणि मोडल्यावर पांढरं दिसतं. बुडाकडे जाडी वाढते, थंड व्हायला वेळ मिळतो, ग्राफाइट बनतं, म्हणून तिथे राखाडी. त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

आणि किनार कधी जास्त चढते, कधी कमी, ते का? कार्बन इक्विव्हॅलंटमुळे. कार्बनचे टक्के, अधिक सिलिकॉन आणि फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा. समजा कार्बन ३.४, सिलिकॉन २.१, फॉस्फरस ०.०६. तर २.१६ भागिले ३ म्हणजे ०.७२, आणि ३.४ मिळवून ४.१२. हा आकडा ४.३ च्या जवळ सरकेल तशी पांढरी किनार कमी होत जाते, खाली घसरला की वाढते. तुम्ही लेडलमध्ये फेरोसिलिकॉन टाकून इनॉक्युलेशन करता तेव्हा ग्राफाइटला बसायला जागा करून देता, म्हणूनही किनार उतरते. तुम्हाला हे सगळं हातानं येतंच. कोर्सनं काय होतं, तर भट्टी बदलली, स्क्रॅप बदललं, जॉब बदलला तरी अंदाज कुठल्या दिशेनं हलवायचा ते आधी कळतं.

माझ्या बाजूचंही एक सांगते. ओलावा अर्धा टक्का वाढला की मी आरडाओरडा करते म्हणून मोल्डिंगवाले वैतागायचे. पाण्याची वाफ झाली की तिचं आकारमान १६०० पटींहून जास्त होतं, आणि तापलेल्या लोखंडाखाली ती वाफ वाळूतून निघून गेली नाही तर कास्टिंगमध्ये शिरते, हे मी आकडा लिहून त्यांना फळ्यावर दाखवलं. तेव्हापासून ओलावा वाढला की मोल्डर स्वतः येऊन विचारतात. ही ताकद मला कोर्सनं दिली. माझं म्हणणं आधीही बरोबर होतं, पण पटवून देता येत नव्हतं.

कोर्स निवडताना नाव बघू नका, पहिल्या आठवड्याचा एक व्हिडिओ आणि आठवडावार विषयांची यादी बघा. वाळू, पॅटर्न, गेटिंग, रायझर, दोष असं असेल तर तुमचं. धातूंच्या अंतर्गत रचनेपासूनच सुरुवात असेल तर तो पुढच्या वेळेला. आणि परीक्षेचा फॉर्म भराच. पैसे भरले की घरातलेही वेळ देतात आणि आपणही असाइनमेंट चुकवत नाही.

उद्यमनगर_जॉबवर्क :

ताईंनी छान लिहिलंय, पण मला थोडं वेगळं वाटतं. माझं मशीन शॉप आहे, माणसं मी नेमतो. खरं सांगायचं तर असलं प्रमाणपत्र बघून मी कुणाचा पगार ठरवत नाही. दादांना कारणच समजून घ्यायचं असेल तर परीक्षा, फी, केंद्र हा व्याप कशाला? व्हिडिओ यूट्यूबवर उघडेच आहेत. त्यापेक्षा इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेनचं कोल्हापूर चॅप्टर आहे, त्यांच्या कार्यक्रमांना जावं. तिथे आपल्याच धंद्यातली माणसं भेटतात, प्रत्यक्ष कास्टिंग हातात घेऊन बोलणं होतं.

सँडलॅब_ताई :

चॅप्टरच्या कार्यक्रमांना जावंच, त्यात दुमत नाही. पण एका दिवसाचं व्याख्यान ऐकून डोकं हलवून घरी येतो आणि चार दिवसांत विसरतो. १२ आठवडे दर आठवड्याला स्वतः गणित सोडवलं की ते अंगात मुरतं. व्हिडिओ नुसते बघणारे खूप असतात, रायझरचं माप काढून दाखवा म्हटलं की गप्प होतात. परीक्षा आपण दुसऱ्याला दाखवायला देत नाही, आपल्याला खरंच आलंय का ते तपासायला देतो.

पगाराचं म्हणाल तर तुम्ही मालक आहात, तुम्ही ठरवणार. माझी एवढीच विनंती आहे, एखाद्या कामगारानं असं प्रमाणपत्र आणून दाखवलं तर त्याला एकदा विचारा, काय शिकलास? दहा मिनिटं त्याचं ऐका. नुसता कागद असेल तर लगेच उघडं पडेल, आणि नसेल तर तुमच्या रिजेक्शनबद्दल तो काहीतरी सांगून जाईल.

गंगावेस_वाचक :

ओतकामातलं मला काही कळत नाही, पण धागा वाचत बसलो. वेजचं स्पष्टीकरण माझ्यासारख्या कारकुनालाही समजलं. इतर विषयांसाठी हा धागा उघडणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. इतिहास-पुरातत्त्वाची आवड असेल तर मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल शिक्षण विभाग पुरातत्त्वाचे अभ्यासक्रम चालवत आलाय, आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे ऑनलाइन कोर्सही आहेत. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली रोमन काळातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझची मूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. ओतकामवाल्यांनी ती एकदा बघावीच, धातू ओतण्याची कलाच आहे ती.

शिरोली_मेल्टिंग :

ताई, मास्तर, सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं उत्तर मुलीला मोठ्यानं वाचायला लावलं. ठोकळा आणि प्लेटचं गणित आम्ही दोघांनी वहीत मांडलं. प्लेटचं पृष्ठफळ काढताना सहा बाजूंची बेरीज करायची हे तिनं समजावलं आणि ११८० आलं. काल दुसऱ्या शिफ्टला त्या इंजिनिअर पोराला बोलावून मोडलेली वेज हातात देऊन टोकापासून बुडापर्यंत समजावून सांगितलं. त्यानं ती वेज टेबलावर ठेवून घेतली.

दहावीचं गणित उतरवून घेतलंय. आता दोनच शंका. पहिल्यांदाच १२ आठवड्यांचा धरू की ४ आठवड्यांचा? आणि परीक्षा शनिवार-रविवारी असते असं मुलगी म्हणते. आमची सुट्टी सोमवारची.

सँडलॅब_ताई :

दादा, वाचून खूप बरं वाटलं. मुलीला माझा नमस्कार सांगा.

४ आठवड्यांचा कोर्स सोपा असतो असं नाही, फक्त लहान असतो. गणित अजून हाताला बसायचंय, तर मी ८ आठवड्यांचा सांगेन. १२ च्या कोर्समध्ये शेवटचे आठवडे दमवतात आणि नेमकी दिवाळी किंवा कारखान्याची वर्षअखेर त्यातच येते. ८ च्या कोर्सला असाइनमेंटमधल्या चांगल्या ६ धरतात, म्हणजे तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात एखादी राहिली तरी बिघडत नाही. व्हिडिओ शिफ्टप्रमाणे बघा, पण गणिताला सोमवारची सकाळ राखून ठेवा. घरात सांगून ठेवा की तेवढा वेळ कुणी बँकेत, गॅसला, लग्नाच्या बोलणीला न्यायचं नाही.

परीक्षा बहुतेक शनिवार-रविवारी असते, हे खरं. तारीख कोर्सच्या पानावर पहिल्या दिवसापासून लिहिलेली असते. ती बघून आत्ताच रजेचा अर्ज देऊन ठेवा. केंद्र फॉर्म भरताना निवडायचं असतं, उशीर केला तर जवळचं भरून जातं आणि मग लांब जावं लागतं. सोबत फोटो असलेलं मूळ ओळखपत्र आणि हॉल तिकीट लागतं. कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच असतो, त्याची सवय आधी घरी करून घ्या, आपल्या बोटांना साध्या कॅल्क्युलेटरची सवय असते.

सुरू झाल्यावर कुठली पायरी अडली तर इथे टाका. चालू असाइनमेंटचं उत्तर कुणी देणार नाही, ते नियमात बसत नाही. पण त्याच जातीचं दुसरं गणित मी मांडून दाखवीन. आणि तुमच्या कारखान्यातलं एखादं रिजेक्ट कास्टिंग मधून कापून मिळालं तर त्याचा फोटो काढून ठेवा, मालकांना विचारून. श्रिंकेजच्या आठवड्याला ते समोर ठेवून बसलात तर व्हिडिओतली आकृती लगेच ओळखीची वाटेल.

शिरोली_मेल्टिंग :

८ आठवड्यांचाच धरतो ताई. कास्टिंग कापायचं सुपरवायझरांशी बोललो, हो म्हणालेत. रजेचा अर्ज उद्या देतो.